मालिकेत बोली कशी लिहावी: तालुक्यापासून टेकपर्यंत

पडद्यावर गावाचं नाव येतं, कौलारू घर येतं, नारळाची झाडं येतात. मग दारातली आजी तोंड उघडते आणि म्हणते, ‘पानी आन गं पोरी, लई तान लागली हाय.’ सिंधुदुर्गातला प्रेक्षक तिथेच मनाने उठून जातो. त्याच्या घरातली आजी असं बोलत नाही. अकोल्यातलीही नाही, धुळ्यातलीही नाही. ही बोली कुठल्याच तालुक्यात बोलली जात नाही. ती मालिकांमध्येच जन्मली आणि तिथेच वाढली. ‘ण’चा ‘न’ केला, ‘आहे’चं ‘हाय’ केलं, चार ठिकाणी ‘लई’ पेरलं की झाली ग्रामीण भाषा, या समजातून ती आलेली आहे.

हा लेख संवाद लिहिणाऱ्यांसाठी आहे. पहिल्यांदाच बोलीतली मालिका हातात आली असेल तर जास्तच. नट आणि सहायक दिग्दर्शकांनाही यातलं बरंच कामी येईल. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे: बोली म्हणजे बिघडवलेली प्रमाण मराठी नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे आणि माणसाने माणसाला हाक मारण्याची स्वतःची रीत आहे. हे दोन धागे हातात आले की शब्दसंग्रह थोडा कमी पडला तरी निभतं. हे सुटले तर कितीही ‘अस्सल’ शब्द पेरा, कान फसत नाही.

आधी तालुका ठरवा

‘कोकणातली मालिका आहे’ एवढ्यावर लिहायला बसू नका. सिंधुदुर्गात मालवणी, रत्नागिरीच्या बाजूला संगमेश्वरी, रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात आगरी आणि कोळी, पालघरच्या डोंगरात वारली, असं हे कोकण आहे. विदर्भाचंही तेच. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ ही वऱ्हाडीची मुलूखपट्टी. नागपूरचा बाज वेगळा, आणि पूर्वेकडे भंडारा-गोंदियाला गेलात की झाडीबोली लागते. खान्देश म्हटलं की अहिराणी आठवते, पण जळगाव जिल्ह्यातच लेवा गणबोली आहे, बहिणाबाई चौधरींच्या कवितेची भाषा. दोन्ही एकच समजून लिहिलं तर दोन्हीकडचे लोक नाराज होतील आणि त्यांचं बरोबर असेल.

म्हणून चॅनेलकडून किंवा निर्मात्याकडून कथेचा कागद आला की पहिला प्रश्न विचारा: गाव कुठल्या तालुक्यात? ‘काल्पनिक गाव आहे’ असं उत्तर येईल. गाव काल्पनिक असायला हरकत नाही, तालुका खरा हवा. बाजारहाटाला माणसं कुठे जातात आणि लग्नं कुठल्या गावांशी जुळतात, यावर बोली ठरते.

मग एकेका पात्राचा छोटा दाखला लिहून काढा. जन्म कुठला, शाळा किती, शहरात किती वर्षं काढली, वय किती, घरात कुणाशी काय बोलतो आणि कचेरीत काय बोलतो. बायकांच्या बाबतीत एक ओळ जास्त हवी: माहेर कुठलं? मालिकांचा निम्मा संसार सुनेभोवती फिरतो आणि ही ओळ मात्र कुणी लिहीत नाही. लातूरकडची मुलगी कोल्हापूरच्या घरात सून म्हणून आली तर पहिले काही महिने ‘काय करायलाव’ तिच्या तोंडून सुटणारच. नणंद त्यावर हसेल, सासू दुरुस्त करेल, आणि एक दिवस माहेरी फोनवर बोलताना तिच्या तोंडून सासरचा शब्द येईल. तेव्हा पलीकडची आई क्षणभर गप्प होईल. नाट्य शोधायला लांब जावं लागत नाही, ते तिच्या जिभेवरच आहे.

ऐका, पण विचारू नका

गावात जाऊन ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असं विचारलंत की माणूस आठवून, निवडून, जरा ठेवणीतलं सांगतो. काही जण तर तुमच्या शहरी कपड्यांकडे पाहून सरळ पुस्तकी मराठीवर येतात. त्यापेक्षा गोष्ट काढायला लावा. विहीर कशी खणली, थोरल्या मुलीचं लग्न कसं जमलं, बांधावरून भांडण कशावरून झालं. भांडणाची आठवण सर्वांत उत्तम. माणूस दहा मिनिटांत तुम्हाला विसरतो आणि दोन्ही बाजूंचे संवाद आवाज काढून म्हणून दाखवतो. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. एका तालुक्यातून तीन पिढ्यांचे मिळून तीन-चार तासांचे आवाज हाताशी असले की मालिकेच्या सुरुवातीला पुरतात.

एसटी स्टँड, आठवडी बाजार, दवाखान्याचं बाकडं, पिठाची गिरणी इथे नुसतं बसून राहणं हाही अभ्यास आहे. पण अनोळखी लोकांचं चोरून रेकॉर्डिंग करू नका. कानाने टिपा आणि बाहेर पडून वहीत लिहा.

घरबसल्याही बरंच मिळतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्यातली गावोगावची ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. एकाच वाक्याची वेगवेगळ्या जिल्ह्यांतली रूपं शेजारीशेजारी ठेवता येतात, हा त्याचा मोठा फायदा. ब्रिटिश काळातले भाषा-अभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत दिली आहे. व्याकरणाची दिशा कळायला तो अजूनही चांगला, पण शब्द तिथून उचलू नका. शंभरहून अधिक वर्षांत गावं बदलली आहेत. आजच्या गावातली आजी ‘रिचार्ज’ म्हणते आणि तेही तिच्या बोलीतच म्हणते.

भाषेचा कागद

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच गाळली जाते. मालिकेला पात्रांचं ‘बायबल’, म्हणजे त्यांची सगळी माहिती लिहिलेली वही असते, तसा भाषेचा दोन-तीन पानांचा कागद करायचा. त्यात फार शब्द नकोत. पुढच्या गोष्टी मात्र हव्यातच.

पहिली गोष्ट, चालू काळ. माणूस दिवसभर ‘करतोय, जातोय, येतोय’ याच रूपांत बोलतो, त्यामुळे बोली सर्वांत आधी इथे पकडली जाते. ‘काय करतोयस?’ हा एकच प्रश्न घ्या. नागपुरात तो ‘काय करून राहिलास?’ होतो, मराठवाड्यात ‘काय करायलास?’, कोल्हापुराकडे ‘काय कराय लागलाईस?’, मालवणीत ‘काय करतंस?’ आणि अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना?’ एवढं एक रूप नीट सांभाळलं तरी प्रेक्षकाला जिल्हा कळतो. ‘लई’ म्हटल्याने अर्ध्या महाराष्ट्रातला कुठलाही जिल्हा असू शकतो.

दुसरी, ‘मला-तुला’. मालवणीत ‘माका-तुका’, आणि तोच ‘क’ पुढे ‘घराक’, ‘बाजाराक’ असा चालत राहतो. वऱ्हाडीत ‘मले-तुले’ आणि ‘घरले’. अहिराणीत ‘मना’ म्हणजे माझा, ‘तुना’ म्हणजे तुझा, आणि ‘आहे’साठी ‘शे’: ‘तुनं नाव काय शे?’ ‘का’ या प्रश्नालाही प्रत्येकीचा आपला शब्द आहे. मालवणीत ‘कित्याक’, वऱ्हाडीत ‘काहून’ किंवा ‘कायले’, पश्चिम महाराष्ट्रात ‘कशापायी’.

तिसरी, लिंग. इथे नवे लेखक हमखास अडखळतात. मालवणीत पुल्लिंगी रूप ओकारांती असतं: ‘माझो झील’ (माझा मुलगा), ‘तो गेलो’, ‘आंबो पिकलो’. नपुंसकलिंगी रूप आकारांती: ‘माझां घर’, ‘ता चेडू गेला’. आता गंमत बघा. ‘ता गेला’ यातला ‘गेला’ प्रमाण मराठीच्या कानाला पुरुषाचा वाटतो, आणि मालवणीत तो मुलीबद्दल आहे. शब्द बदलले आणि शेवट प्रमाण मराठीचाच ठेवला की ‘माझा झील गेला’ असं काहीतरी तयार होतं. ते मालवण्याला खटकतं आणि बाकीच्यांना समजतही नाही.

कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो’, ‘मी जेवतो’ असं सहज म्हणतात. नागपूर-वऱ्हाडकडे तीच बाई ‘मी गेली होती’, ‘मी आली’ म्हणते. एकदा मी नायिकेच्या तोंडी ‘मी येतो की’ लिहिलं होतं. सेटवर जाईपर्यंत कुणीतरी टायपिंगची चूक समजून सगळीकडे ‘येते’ केलं आणि तसंच शूट झालं. प्रसारणाच्या रात्री कोल्हापूरहून एका ओळखीच्या काकूंचा फोन आला: ‘पोरगी आमच्यातली वाटंना बघ.’ काकूंना काय चुकलं ते सांगता आलं नाही, पण कानाला कळलं होतं. तेव्हापासून भाषेच्या कागदावर सर्वांत वर मी ठळक अक्षरांत लिहितो: ही रूपं चुका नाहीत, दुरुस्त करू नयेत.

चौथी, उच्चार. इथे हात आखडता घ्या. दोन-तीन ठळक बदल पुरे. वऱ्हाडीत आणि अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोया, काया, शाया. आगरीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा ‘र’ होतो: डोला, गारी, घोरा. एवढं कागदावर लिहा. बाकीचा सूर नटाच्या कानातून येऊ द्या.

पाचवी, हाका. ‘रे-गं’ ऐवजी काय येतं आणि कुणाला येतं? मालवणीत बाईला ‘गो’. कोल्हापुरात ‘गं, रं’ आणि आदराने ‘वं’. विदर्भात बायका एकमेकींना ‘काय व माय’ म्हणतात, नागपूरच्या बाजूला आदराचा ‘जी’ वाक्याच्या शेवटी येतो: ‘काय जी’. ‘बे’ हा नागपुरी दोस्तांमधला. तो वडीलधाऱ्यांना वापरला तर अपमान होतो, आणि कथेत तो अपमान हवा असेल तर तेवढ्याच ठिकाणी वापरा, आधी उधळू नका. आदराचं अनेकवचनही नोंदवा. ‘कवा आलासा? जेवलासा का?’ यातला ‘सा’ कोल्हापूरचा. तो ऐकला की पाहुण्याला पाट मांडल्यासारखं वाटतं. वऱ्हाडीत ‘येजो बरं’, ‘करजो’ या रूपांतही असाच जिव्हाळा आहे: आत्ताच नको, पण नक्की ये. प्रमाण मराठीत त्या ‘जो’ची नेमकी छटा एका प्रत्ययात मिळत नाही.

बोली कुणाच्या तोंडी?

कागद झाला की थांबून पात्रांच्या यादीकडे पाहा. बोली फक्त नोकराच्या, विनोदी मामाच्या आणि दारुड्याच्या तोंडी आहे का? डॉक्टर, शिक्षिका, नायिका आणि समजूतदार सासरे प्रमाण मराठीत, आणि हसायचं ज्याला तो बोलीत, अशी वाटणी झाली असेल तर लिहिण्याआधी ती मोडा. बोलीत माणूस प्रेमही करतो, हिशेबही मांडतो, मृत्यूची बातमीही सांगतो. गंभीर प्रसंग आला की पात्र अचानक शुद्ध बोलायला लागतं, हा दोष तर चांगल्या मालिकांमध्येही दिसतो. उलट माणूस रडताना, रागावताना आणि देवापुढे उभा असतानाच आईची भाषा बोलतो.

चांगली उदाहरणं आपल्याकडे आहेत. झी मराठीवर २०१६ साली सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’त नागपूरची राधिका ही नायिका होती आणि तिच्या बोलण्यात नागपूर होतं. ज्यांना ती गावंढळ वाटत होती ती माणसं सफाईदार मराठी बोलत होती, आणि प्रेक्षक राधिकेच्या बाजूने होता. त्याच वर्षीच्या ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये नायक राणादाचं ‘चालतंय की’ घराघरांत पोचलं. ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणीला विनोदातून काढून भीतीच्या गोष्टीत नेऊन बसवलं. मालवणी म्हणजे हशा हे समीकरण रंगभूमीने पक्कं केलं होतं. त्यामुळे तिच्यात अंगावर काटा येऊ शकतो हे महाराष्ट्राला कळणं फार मोलाचं होतं.

याला कायद्याचीही बाजू आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या नियम ६ मध्ये कार्यक्रम संहिता आहे. एखाद्या वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक समूहाचं बदनामीकारक, उपरोधिक किंवा तुच्छतेने केलेलं चित्रण तिथे चालत नाही. मालिकेला सिनेमासारखं आधी सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही, ही जबाबदारी चॅनेल आपल्या पातळीवर सांभाळतं. तरी भाषेवरून होणारी टिंगल लेखकाच्या टेबलावरच थांबवणं सोपं. नंतर क्षमा मागण्यापेक्षा कितीतरी सोपं.

किती घट्ट ठेवायची?

चॅनेलची भीती रास्त असते: सिंधुदुर्गाची मालिका नांदेडमध्ये कळली पाहिजे. पण म्हणून बोली सगळीकडून सारखी पातळ करू नका. मी असं करतो: प्रत्यय, क्रियापदाची रूपं, हाका पूर्ण ठेवायच्या, कारण त्या दोन दिवसांत कानाला सवयीच्या होतात. ‘माका’ म्हणजे मला, हे तिसऱ्या भागानंतर कुणाला सांगावं लागत नाही. अडतात ती नामं. ‘चेडू’, ‘झील’, ‘घोव’ (नवरा). ती पहिल्यांदा येतात तेव्हा प्रसंगातच अर्थ दिसू द्या. बाई मुलाचा कान धरून म्हणाली, ‘ह्यो माझो झील’, की काम झालं. दुसऱ्या पात्राने लगेच ‘म्हणजे तुझा मुलगा?’ असं विचारायला लावू नका, गावातलं पात्र असं विचारत नाही.

घरात एखादं शहरातून आलेलं माणूस ठेवलं तर प्रेक्षकाला वाट सापडते. ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वात मुंबईहून आलेली सून होती. तिला जे कळत नव्हतं ते प्रेक्षकालाही तिच्याबरोबरच कळत गेलं.

पहिल्या आठवड्यात किंचित मोकळं लिहा, मग हळूहळू घट्ट करा. उलटं केलंत, म्हणजे प्रोमोत घट्ट आणि पन्नासाव्या भागात पातळ, तर त्या तालुक्यातला प्रेक्षक फसवल्यासारखा होतो.

सीन लिहिताना: भाषांतर नको

पटकथेचा कागद बहुधा प्रमाण मराठीत येतो आणि वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी शूट असतं. साधारण २२ मिनिटांच्या एका भागाचे संवाद एका रात्रीत लिहायचे असतात. अशा वेळी आधी प्रमाण मराठीत लिहून मग बोलीत ‘फिरवायचा’ मोह होतो. त्याने काय होतं ते जवळून पाहा. प्रसंग असा: मुलगी न सांगता पुण्याला नोकरीसाठी निघाली आहे, बापाला आत्ता कळतंय.

पटकथेतलं वाक्य:
‘तू पुण्याला जाणार आहेस हे मला आज कळतंय? मला तुझा निर्णय मान्य नाही.’

फिरवलेलं:
‘तू पुन्याला जानार हायस ह्ये मला आज कळतंय व्हय? मला तुजा निर्नय मान्य न्हाई.’

आवाज बदलला, माणूस तोच राहिला. ‘निर्णय मान्य नाही’ हे सभेच्या इतिवृत्तातलं वाक्य आहे. शेतातून आलेला बाप असं बोलत नाही, मग ‘ण’चा ‘न’ करा नाहीतर आणखी काही करा.

आता कोल्हापूरच्या बाजूच्या घरात बसून लिहिलेलं:

आप्पा: बॅग भरल्याली दिसती.
पोरगी: सांगणारच हुतो, आप्पा.
आप्पा: कवा? यष्टीत बसल्यावर?
पोरगी: तसं न्हवं…
आप्पा: जेवलीस का?
पोरगी: भूक न्हाई.
आप्पा: जेव. उपाशी पोटी या घरातनं कोण गेलं न्हाई आजपतूर.

इथे ‘ण’ शाबूत आहे. ‘लई’ एकदाही नाही. बापाने नकार दिला का, होकार दिला का, हे त्याने सांगितलेलंच नाही, पण जेवायला बसवलं आहे. ‘हुतो’ मुलीच्या तोंडी आहे, ते बरोबर आहे.

हाच प्रसंग अमरावतीत नेला तर नुसते शब्द बदलून भागत नाही. मुलगी ‘सांगणारच होती, बाबा’ म्हणेल. बाप कदाचित आईला मध्ये घेईल: ‘पाय व, पोट्टी बॅग भरून बसली’ (बघ गं, पोरगी बॅग भरून बसली). मालवणी बाप तर तिला सोडून बाहेरच्या कुत्र्याशीच बोलायला लागेल, असंही होईल. कोण कुणाशी थेट बोलतं आणि कोण कुणाच्या आडून बोलतं, हा बोलीचाच भाग आहे. ते टिपायला रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकावी लागतात.

रात्र थोडी असेल तर एक युक्ती सांगतो. सीन लिहायला बसण्याआधी त्या तालुक्यातल्या माणसाचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग लावा आणि त्याच्याबरोबर पुटपुटा. पहिलं वाक्य आपोआप त्या ठेक्यात पडतं, आणि मग पुढचीही पडतात.

रस्त्यावरची भाषा आणि शिव्या

बोली घरातून येते, आणि रस्त्यावरची भाषा सोबत्यांकडून. हे दोन वेगळे हिशेब आहेत. ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’, ‘जाळ अन् धूर संगटच’, ‘लोड घेऊ नको’, ‘बाजार उठला’, ‘राडा’, ‘पोपट झाला’, हे शब्द वयाचे आणि कंपूचे आहेत. पंचावन्न वर्षांचा मामा ते बोलू लागला तर तो तरुणांच्यात मिसळायची धडपड करतोय असा अर्थ निघतो. तो अर्थ हवा असेल तरच द्या. असे शब्द लवकर शिळेही होतात. दर सहा महिन्यांनी एखाद्या कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा तालमीत जाऊन कान ताजा करा, आणि एका सीनमध्ये एकापेक्षा जास्त असा शब्द नको.

तकियाकलाम, म्हणजे पात्राच्या तोंडचं ठरलेलं पालुपद, मुद्दाम घडवायला जाऊ नका. ‘चालतंय की’ चाललं, कारण ते तिथल्या माणसाच्या तोंडी रोजचंच आहे आणि त्या पात्राच्या स्वभावात बसतं. बैठकीत ठरवून घातलेला तकियाकलाम तिसऱ्या दिवशी कानाला टोचतो.

शिव्यांचं काय करायचं, हा खरा पेच. कित्येक गावांत मित्राला हाक मारतानाच शिवी येते आणि तिच्यात राग नसतो. ती पडद्यावर जाणार नाही, जाऊही नये. बीप टाकणं हा उपाय नव्हे, त्याने शिवी उलट मोठी होते. बोलीतच याचा तोडगा आहे. आयाबायांनी शतकानुशतकं पोरांना ओरडण्यासाठी किती शब्द घडवलेत बघा: ‘मेल्या’, ‘मुडद्या’, ‘टवळे’, ‘सटवे’, ‘जळ्ळं मेलं लक्षण’, ‘मुडदा बशिवला तुजा’. यात चीड आहे, माया आहे, ठसका आहे. ‘देवमाणूस’ मालिकेतल्या सरू आजीचं बोलणं लोकांना आवडलं ते या ठसक्यामुळे. मात्र वजन तपासा. ‘मेल्या’ मालवणीत सोबत्यालाही सहज म्हणतात, दुसऱ्या जिल्ह्यात तो शाप वाटू शकतो.

काही शब्द कुठल्याही सबबीवर नकोत: जातीची नावं शिवी म्हणून, अपंगत्वावरून हिणवणं, विधवेला उद्देशून वापरले जाणारे शब्द. ‘तिकडे असंच बोलतात’ हे खरं असेल. पण खलपात्र तसं बोललं आणि सीनमध्ये त्याला कुणी अडवलं नाही, त्याची किंमत त्याला मोजावी लागली नाही, तर तो शब्द आपणच घरोघर पोचवला. आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ आहे, तोही लक्षात असू द्या.

कागदावरून जिभेवर

लेखनात एकच रूप ठरवा आणि पाळा. ‘न्हाई’, ‘न्हाय’, ‘नाय’ हे तिन्ही एका संहितेत आले तर नट गोंधळतो. एका मालिकेत एक पात्र एक रूप. उच्चार जितका अक्षरात दाखवाल तितका नट तो ताणून म्हणतो, म्हणून हलकं लिहा आणि बाकी आवाजात पाठवा. सगळ्यांत उपयोगी पडतो तो व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज. त्या तालुक्यातल्या माणसाने सीनची प्रत्येक ओळ एकदा सावकाश आणि एकदा बोलण्याच्या वेगाने म्हणायची. नट मेकअपला बसतो तेव्हा ती कानात घेतो.

बोलीचा मार्गदर्शक सेटवर हवा, निदान पहिला महिनाभर. तो त्याच भागातला, शक्यतो हौशी नाटकात काम केलेला असावा, म्हणजे त्याला नटाला दुखावल्याशिवाय सांगता येतं. त्याचं मानधन निर्मात्याने आधीच अंदाजपत्रकात धरावं. ‘युनिटमधला कुणीतरी तिकडचा आहे, तोच सांगेल’ असं म्हणून लाइटमनच्या गळ्यात हे काम घालू नये. त्याचं ज्ञान घेताय तर त्याचे पैसे आणि श्रेयनामावलीत नाव द्या.

नटांसाठी एकच सूचना: बोलीचा सूर सापडेपर्यंत हातवारे करू नका. बोली जमत नसली की नट हात, भुवया आणि मान यांनी ती भरून काढतो. मग गाव दिसतं, ऐकू येत नाही. त्यापेक्षा पहिले काही दिवस त्याने सेटवर चहासुद्धा त्याच बोलीत मागावा.

शंभराव्या भागानंतर

मालिका आठवड्याचे पाच-सहा दिवस चालते. संवादलेखक बदलतात, नवं पात्र येतं, कथा दुसऱ्या गावाला जाते, आणि बोली नकळत विरघळत जाते. आधी चालू काळ प्रमाण होतो, मग हाका, आणि शेवटी ‘लई’ तेवढं उरतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी एक भाग त्या तालुक्यातल्या तीन जणांना दाखवा: एक म्हातारं माणूस, एक घर चालवणारी बाई, एक कॉलेजातलं पोर. ‘कसं वाटलं?’ असं विचारलंत तर ‘बरं हाय’ एवढंच मिळेल. विचारा, ‘कोण आपल्यातलं वाटलं नाही?’ उत्तर ताबडतोब येतं.

संवादलेखक बदलणार असेल तर भाषेचा कागद आणि रेकॉर्डिंग दोन्ही नव्या लेखकाच्या हाती द्या, आणि त्याचे पहिले दहा भाग बोलीच्या मार्गदर्शकाने वाचावेत. आणि स्वतः आठवड्यातून एक भाग डोळे मिटून ऐका. कान अडकला ती तीन वाक्यं लिहून घ्या आणि सकाळी कागदावर त्यांच्यापुढे बरोबर रूप टाका. माझ्या एका मालिकेच्या कागदावर अशा नोंदींची चौदा पानं झाली आहेत. पहिल्या पानावर अजून तेच वाक्य आहे: ही रूपं चुका नाहीत, दुरुस्त करू नयेत.